सरांची तपकिरी पँट

माप मोठ्यानं बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम वडिलांनी घातलेला. दुसरे शिंपी कंबरेला टेप लावतात आणि आकडा असा पुकारतात की समोरच्या चपलांच्या दुकानातही कळावं. आम्ही टेप लावायची, आकडा मनात धरायचा, चार पावलं चालत टेबलापर्यंत जायचं आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहायचा. त्या चार पावलांत आकडा विसरला तर परत मोजायचं. ओरडून विचारायचं नाही. माणसाला आपल्या कंबरेबद्दल जे वाटत असतं ते त्याला वाटू द्यावं, असं वडील म्हणत. या एका गोष्टीवर आमचं दुकान पन्नास वर्षं चाललं. शिवण बरी होती, पण बरी शिवण इतरांकडेही होती.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते मला नियम माहीत नव्हता म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

आता नवे कपडे कुणी शिवून घेत नाही. लोक तयार कपडे घेतात, ते अंगाला बसत नाहीत, मग ते पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर माझं घर चालतं. दुकानात आम्ही तिघं. मी मशीनवर, बायको काज-बटणाला, आणि मेव्हणी फोनवर. मेव्हणी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्या वरच्या खोलीत राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "भावोजी, तुमचं दुकान रस्त्यावर आहे, पण फोनमध्ये नाही. म्हणजे नाहीच." तिनं दुकानाचं पेज काढलं. ढगळ कोट आणि बेतशीर कोट, असे शेजारी शेजारी दोन फोटो टाकायची. सकाळी फोटो पडला की संध्याकाळपर्यंत आठ-दहा जण पिशव्या घेऊन हजर. पाच वर्षं हे असं सुरळीत चाललं, आणि मग एका महिन्यात बंद पडलं. फोटो तेच, कोट तेच, मेव्हणी तीच, माणसं येईनात. दिवसाला तीन यायची, त्यातलं एक पत्ता विचारायला.

"त्याला आता फोटो आवडत नाहीत," मेव्हणी म्हणाली.

"कुणाला?"

"त्याला हो. कुणाला काय दाखवायचं ते आतून जे ठरवतं ना, त्याला."

"गेल्या वर्षी तर आवडत होते."

"गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी. आता त्याला व्हिडिओ लागतो. आणि व्हिडिओत चेहरा लागतो. तुमचा."

"मग संपलंच," कोपऱ्यातून बायको म्हणाली. सुई थांबली नाही.

मेव्हणीनं छोट्या दुकानदारांसाठी असलेला बारा धड्यांचा कोर्स घरबसल्या केला. वही घालून केला. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरला पाहिजे. कुणी काही लिहिलं तर तासाच्या आत उत्तर दिलं पाहिजे. उत्तराच्या शेवटी आपण एक प्रश्न टाकायचा, म्हणजे समोरचा परत लिहितो आणि त्याला (म्हणजे त्या आतल्याला) वाटतं, इथे काहीतरी चाललंय. आणि लोक जे मागतील ते द्यायचं. असे नियम. आमच्या वडिलांचा एक होता, हिचे चौदा झाले.

बटण कसं लावावं, या माझ्या पहिल्या व्हिडिओला एकतीस प्रेक्षक मिळाले. त्यातले चार आमच्या घरातले होते. घरात माणसं तीन आहेत. मी दोन फोनवरून पाहिला. इस्त्रीच्या व्हिडिओला सव्वीस. मग एके दिवशी मी एका नवरदेवाच्या कोटाची पाठीवरची उसवण शिवताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटलो. हा माणूस मंडपात कुणाला तरी वाकून नमस्कार करायला गेला, आणि आशीर्वादाच्या आधी कोटच फाटला, असं काहीसं. मेव्हणीनं ते मला न सांगता टिपलं. नऊ हजार.

"आवडलं! त्याला आवडलं!" मेव्हणी दुकानात गोल फिरली.

त्यानंतरच्या व्हिडिओत मी चेन कशी बदलावी ते मन लावून दाखवलं. चाळीस.

"भावोजी, कपड्याचं नको. कपड्यातल्या माणसाचं हवं."

मी शिंपी आहे. कपड्यातला माणूस हा माझा धंदाच. पण इतकी वर्षं त्याच्याबद्दल गप्प राहणं हाही धंद्याचाच भाग होता.

भूगोलाचे सर आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांना दहा वर्षं होऊन गेली असतील. बायको गेलेली, मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, घरी एकटे. आयुष्यभर शिकवलं त्यांनी आणि मास्तर म्हणायचे मला. त्यांच्याकडे एक तपकिरी पँट होती, मीच शिवलेली, वीसेक वर्षांपूर्वी. कापड असं की फाटता फाटेना. फेब्रुवारीत ते ती घेऊन आले.

"मास्तर, जरा सैल होतेय. कमरेत घ्या."

दीड इंच घेतली. एप्रिलमध्ये पुन्हा आले, एक इंच. जूनमध्ये दीड. दर वेळी म्हणायचे, चालायला जातो हल्ली. मी म्हणायचो, वा. ऑगस्टमध्ये चौथ्यांदा आले आणि टेप लावताना माझी बोटं त्यांच्या कमरेच्या हाडावर टेकली. पूर्वी तिथे हाड नव्हतं. म्हणजे असणारच, पण मला कधी भेटलं नव्हतं.

"मास्तर," सर आरशात बघत म्हणाले, "बाहेरून कळता कामा नये. चुण्या नकोत. ढगळ नको. मुलगी व्हिडिओ कॉल करते, म्हणते उभे राहा, बघू दे. महिन्याभरात येऊनही जाईल. दोन वर्षांसाठी परदेशी चाललीय, फार मोठी नोकरी आहे."

"काळजी करू नका, सर."

"ती विमानात बसेपर्यंत नीट दिसली पाहिजे."

मी चार पावलं चाललो आणि वहीत आकडा लिहिला. तेव्हा मला कळलं नाही असं म्हणायची फार इच्छा आहे. पण सहा महिन्यांत साडेपाच इंच कमी झालेला माणूस, आणि तो म्हणतो बाहेरून कळता कामा नये. शिंप्याला काय, टेबलालाही कळलं असतं. मी पँट उसवली, बेतशीर करून दिली, आणि शनिवारी घेऊन जा म्हणून हँगरला लावली.

गुरुवारी मेव्हणी फोन तिकाटण्यावर चढवून उभी. आज काहीतरी झालंच पाहिजे, नाहीतर तो आपल्याला विसरणार, असं तिचं म्हणणं. मी इकडेतिकडे पाहिलं. दोन परकर, एक गणवेश, पडद्याचं कापड. आणि सरांची तपकिरी पँट.

नाव घेणार नाही, मी स्वतःला म्हणालो. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. नुसती पँट. पँटला कसली आलीय अब्रू?

मी ती उलटी केली आणि मागची शिवण कॅमेऱ्यासमोर धरली. चांगला शिंपी पँट आत घेताना जादाचं कापड कापत नाही. आत तसंच ठेवतो, न जाणो परत सोडावी लागली तर. त्यामुळे जुन्या टिपेची भोकं दिसतात. चार टिपा, शेजारी शेजारी, नकाशावर डोंगराच्या रेषा असतात तशा. आणि मी बोलायला लागलो. कसा कोण जाणे, त्या दिवशी मला सुचतच गेलं. मेव्हणी कॅमेऱ्यामागे तोंडात पदर कोंबून हसत होती. बायको हसत नव्हती, पण ती काज घालताना कधीच हसत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटी मी खिसे बाहेर ओढून दोन्ही हातांत धरले आणि शेवटचा विनोद केला. तो इथे सांगत नाही. पुढे सांगावा लागलाच.

रविवारपर्यंत एक लाख चाळीस हजार लोकांनी तो व्हिडिओ पाहिला.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी पायरीवर सात माणसं. मंगळवारी अकरा. लोक पिशव्या आणत होते आणि माझ्याकडे बघून आधीच हसत होते. एक बाई फक्त बघायला आल्या, पण आलेच आहे तर म्हणून अंगातल्या जाकिटाच्या बाह्या आखूड करायला देऊन गेल्या. मी गल्ल्याशेजारी उभा राहून सगळ्यांशी गमतीदार बोलत होतो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपण गमतीदार आहोत हे कळणं ही फार वाईट गोष्ट आहे. माणूस सुधारायच्या पलीकडे जातो.

एक बदल मात्र मला उशिरा दिसला. जुनी गिऱ्हाईकं कपडे टाकून जाईनात. "काम होईपर्यंत इथेच बसतो, मास्तर," असं म्हणून बाकावर बसायची, आणि नजर कपड्यावरून हलवायची नाहीत. पोस्टातल्या बाईंनी सलवार आणली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि म्हणाल्या, "कागदासकट शिवता येईल का हो?"

"बाईंना विनोद कळतो," मेव्हणी म्हणाली.

"विनोद नव्हता तो," बायको म्हणाली.

व्हिडिओखाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. मेव्हणी प्रत्येकाला तासाच्या आत उत्तर देत होती, शेवटी प्रश्न टाकून. त्यात सोमवारी एका मुलीनं लिहिलं होतं: 'ही पँट कुणाची आहे?' मेव्हणीनं लगेच उत्तर दिलं: 'ओळखा पाहू! तुमच्या घरात आहे का असं कुणी?'

अर्ध्या तासानं त्याच मुलीनं परत लिहिलं: 'खिशाचं कापड निळ्या चौकडीचं आहे का? नीट दाखवाल का, प्लीज?'

मेव्हणी ओरडतच आली. "भावोजी, लोक खिसा मागतायत!"

लोक नव्हते, एकच मुलगी होती. पण लोक मागतील ते द्यायचं, असं सातव्या धड्यात होतं. पँट शनिवारीच सर घेऊन गेले होते, पण मेव्हणीनं गुरुवारी बरंच जास्तीचं चित्रण करून ठेवलं होतं. तिनं त्यातला खिसा मोठा करून, वर 'खास लोकाग्रहास्तव' असं लिहून टाकला. निळ्या चौकडीचं कापड, मध्ये पांढरी बारीक रेघ, एका कोपऱ्यात शाईचा फिकट डाग. इतकं स्वच्छ दिसत होतं की मला मेव्हणीचं कौतुक वाटलं.

त्या मुलीनं पुढे काही लिहिलं नाही. मेव्हणीनं तिला विचारलंसुद्धा: 'समाधान झालं का?'

गुरुवारी दुपारी दुकानात पाच गिऱ्हाईकं असताना ती आत आली. खांद्याला प्रवासाची पिशवी, केस विस्कटलेले. मी ओळखलं नाही. मी म्हणालो, "या, या, काय सैल झालंय?" पाचही जण हसले.

"काका, ती तपकिरी पँट कुठे आहे?"

"ती होय! ती सर शनिवारीच घेऊन गेले."

असं मी म्हणालो. तिला एवढंच हवं होतं.

"म्हणजे बाबांचीच." तिनं पिशवी खाली ठेवली. "फोनवर विचारलं तर म्हणाले, तसल्या कापडाच्या हजार पँटी असतात. पँटी असतील हजार. तो खिसा माझ्या शाळेच्या फ्रॉकचा आहे. आईनं दिला होता तुम्हाला, खिसा फाटला तेव्हा. शाईचा डाग माझा आहे."

खिसा मीच लावला होता. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"घरी न जाता आधी इकडे आले," ती म्हणाली. "घरी गेले असते तर पट्टा आवळून, हसून दार उघडलं असतं त्यांनी. कधीपासून चाललंय हे?"

"फेब्रुवारीपासून."

"किती?"

मी टेबलावरची वही मिटली.

"किती इंच, काका?"

पाच माणसं ऐकत होती. माप मोठ्यानं बोलायचं नाही. नियम आठवायला मी अगदी योग्य वेळ निवडली होती. मी म्हणालो, "आपण जरा आत बसून बोलू या का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातली कात्री खाली ठेवली.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमची सुई चार वेळा गेलीय त्यातून. माझा नंबर बाबांच्या शेजाऱ्यांकडे आहे, शाळेत आहे, कुठेही मिळाला असता. एक लाख चाळीस हजार लोकांना सांगितलंत तुम्ही. मला एकटीला नाही सांगितलं."

पिशवी उचलून ती गेली. बाकावरच्या पाचही जणांनी आपापले कपडे मांडीवर घेतले. एक जण हळूच म्हणाला, "मी नंतर येतो, मास्तर," आणि मग सगळेच नंतर येणार होते.

मेव्हणी भिंतीला टेकून उभी होती. "मी तिला लिहिलं, भावोजी," ती म्हणाली. "ओळखा पाहू म्हणून. तुमच्या घरात आहे का असं कुणी म्हणून." दोनदा म्हणाली, आणि मग खुर्चीत बसली.

व्हिडिओ काढून टाक, मी म्हणालो. तिनं विचारलं, "अख्खा?" मग स्वतःच ओशाळली आणि दोन्ही काढले. पेजवर बटण, इस्त्री, चेन आणि नवरदेव उरले. थोड्या वेळानं नवरदेवही काढला. तो कुणाचा तरी मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी कळलं. पाच माणसांनी पाच घरं गाठली होती, आणि आता आसपासच्या ज्यांनी व्हिडिओ पाहिला होता त्या सगळ्यांना पँट कुणाची तेही माहीत होतं. सरांना पोटाचा मोठा आजार होता. मुलीनं परदेशची नोकरी नाकारली होती. पत्र लिहून, कायमची.

मेव्हणी बराच वेळ वहीची पानं उलटत बसली होती. मग म्हणाली, "एक आहे, भावोजी. माफीचा व्हिडिओ करायचा. मनापासून. धंद्यासाठी नाही म्हणत मी. पण माफीचे व्हिडिओ फार बघतात लोक."

मी लगेच हो म्हणालो. हे लिहिताना सगळ्यांत जड जातंय ते हेच. मी वर गेलो, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि मशीनसमोर बसलो. पहिल्यांदा बोललो तेव्हा मध्येच अडखळलो आणि वाक्य पुरं झालं नाही. मेव्हणी म्हणाली, परत घेऊ या. दुसऱ्यांदा वाक्य पुरं झालं, आणि त्यानंतर जिथे थांबायला हवं होतं तिथे मी बरोबर थांबलो. चष्मासुद्धा काढला.

"पहिला बरा होता," बायको काजावरून मान वर न करता म्हणाली. "त्यात तुम्हाला खरंच वाईट वाटत होतं."

मेव्हणीनं तिकाटणं मिटलं.

"सरांच्या घराला जिना आहे," बायको म्हणाली. "चढून जा."

रविवारी दुपारी गेलो. दुसरा मजला, अठ्ठावीस पायऱ्या. प्रत्येकीवर मी परत जायचं एक कारण शोधलं. दार मुलीनं उघडलं. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. तिनं बाजूला होऊन वाट दिली, आणि ते दार लावण्यापेक्षा वाईट होतं.

खोलीत एका भिंतीवर जगाचा जुना नकाशा, घडीच्या ठिकाणी चिकटपट्ट्या लावलेला. खिडकीशी आरामखुर्चीत सर. घरातले कपडे होते अंगात, ते कुणी आत घेतलेले नव्हते. मी त्यांना गेले सहा महिने माझ्याच शिवणीत पाहत होतो. आता प्रथमच त्यांना पाहिलं.

"बसा, मास्तर."

मी उभाच राहिलो. जिन्यावर जुळवलेलं बोलायला लागलो. चूक झाली, सर, माझ्या हातून, म्हणजे तोंडातून, एवढ्या वर्षांचा संबंध, वगैरे. सरांनी हात वर केला. वर्गात गडबड थांबवायला करतात तसा.

"दीड महिना," ते म्हणाले. "दीड महिना पाहिजे होता मला. ती तिकडे पोचली असती, कामाला लागली असती, मग कळवलं असतं सावकाश. सगळं ठरवलं होतं. डॉक्टरांशीसुद्धा बोललो होतो."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब गं. मी मास्तरांना रागावतोय, मला रागावू दे." ते जरा दमले, मग म्हणाले, "हिला विचारा. ही म्हणते, बरं झालं कळलं. म्हणजे आमच्या दोघांत तुमच्यावरून भांडण आहे. मी म्हणतो तुम्ही बोलायला नको होतं, ही म्हणते तुम्ही आधीच बोलायला हवं होतं. तुमच्या बाजूनं घरात कुणीच नाही."

"नाही, सर."

"ठीक आहे. आता तो व्हिडिओ दाखवा."

"काढून टाकला, सर. गुरुवारीच. कुठेही नाही आता."

सरांचा चेहरा पडला. खरोखरच पडला. "का? मी पाहिलाच नाही! माझ्या फोनवर दिसत नाही असलं, आणि ही दाखवत नाही. खालच्यांनी पाहिला, वरच्यांनी पाहिला, दूधवाला पाहून आलाय आणि माझ्याकडे बघून दूध सांडतोय. ज्याच्यावर केलात तो एकटाच राहिला बघायचा!"

"नव्हताच बघण्यासारखा."

"एक लाख चाळीस हजारांना होता. करून दाखवा."

"सर..."

"मुली, ती पँट आण गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि आतून पँट आणून माझ्या हातात दिली. इस्त्री केलेली होती. मी खिडकीशी उभा राहिलो आणि पँट उलटी केली. सर खुर्चीत सावरून बसले, एका हाताची बोटं दुसऱ्या हातात गुंफून. परीक्षा घ्यायला बसल्यासारखे.

"मित्रांनो," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"मित्रांनो, ही पँट बघा. ही पहिली टीप, फेब्रुवारीतली. ही दुसरी. ही तिसरी. आणि ही परवाची. या साहेबांच्या पोटात एक भाडेकरू राहत होता, तो एकेक खोली रिकामी करत चाललाय."

खाली कुणीतरी बादली ठेवली, ती ऐकू आली.

"पुढे."

"याला कारणं दोनच असू शकतात. एक, साहेब या वयात प्रेमात पडलेत. दोन, स्वयंपाक साहेबांनी स्वतःच्या हातात घेतलाय."

"चूक," सर म्हणाले. "स्वयंपाक मी गेली बारा वर्षं स्वतःच करतोय. माहिती तपासून घ्यावी माणसानं. पुढे."

"साहेब रोज म्हणतात, चालायला जातो. मी म्हणतो जा, पण येताना अख्खे परत या." मी थांबलो. "पुढचं राहू दे, सर."

"आहे ना पुढचं?"

"एकच आहे. नको."

"दूधवाला म्हणाला, शेवटचंच सगळ्यांत चांगलंय. धडा अर्धा सोडायचा नाही, मास्तर."

मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी दोन्ही खिसे बाहेर ओढले, कॅमेऱ्यासमोर ओढले होते तसेच. उजवा तिच्या फ्रॉकचा. दोन्ही हातांत एकेक धरून मी ते जवळ आणले.

"हे असंच चालू राहिलं, तर वर्षअखेर मी साहेबांना नुसते दोन खिसे एकमेकांना शिवून देईन."

सर हसले. माझ्या भिडेखातर नाही. आधी खांदे हलले, मग ते दोन्ही हात गुडघ्यांवर मारून मोठ्यानं हसले. "दोन खिसे!" ते म्हणाले. "अगं, ऐकलंस का, नुसते दोन खिसे!" आणि मग त्या हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. ते पुढे वाकले. मुलगी धावत पाणी घेऊन आली, एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून गुडघ्यांवर बसली.

हसू सुरू झालं तेव्हापासून खोकला लागेपर्यंत दोन-तीन सेकंद गेली असतील. त्या दोन-तीन सेकंदांत मला बरं वाटलं. विनोद जमला म्हणून. तेव्हा दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं, ना सर, ना मुलगी, ना तिची गेलेली नोकरी. आणि ते माझ्या तोंडावर आलं असणार, कारण वडिलांच्या ओठांना पेला लावता लावता मुलीनं वर पाहिलं, आणि पाहतच राहिली.

मी मान खाली घालून पँट सुलटी करायला घेतली. इतक्या वर्षांत मला पँट सुलटी करायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.